मशीहा : दैवी तारणहार की दाविदाच्या वंशातील राजा?

यहुदी धर्मातील मशीहा म्हणजे जगाच्या अंती अवतरणारा दैवी तारणहार, आणि ही श्रद्धा त्या धर्माच्या आरंभापासून जशीच्या तशी चालत आली, असा समज सर्रास आढळतो. हिब्रू बायबलमध्ये मात्र त्याला आधार सापडत नाही. तेथे 'माशीअख' म्हणजे तेलाने अभिषेक झालेला पुरुष, आणि ही संज्ञा शौल व दावीद या राजांना, मुख्य याजकाला, इतकेच नव्हे तर यशयाच्या ग्रंथात बाबिलोन जिंकणाऱ्या कोरेश या परधर्मीय इराणी सम्राटालाही लावलेली आहे.

भावी राजाची आस वाढली ती राज्य गमावल्यानंतर. दाविदाचे घराणे कायम टिकेल, असे ईश्वरी वचन मानले जात होते; इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने जेरुसलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा ते वचन फोल ठरले असे न म्हणता ते पुरे व्हायचे राहिले आहे, असे मानण्याचे धैर्य या समाजाने दाखवले, आणि मशीहाच्या कल्पनेचे मूळ या धैर्यातच आहे. तरीही तिला एकच ठरीव रूप नव्हते. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांत अहरोनाचा याजक-मशीहा आणि इस्राएलाचा राज-मशीहा, असे दोघे अपेक्षित आहेत.

इ.स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला रब्बी (यहुदी धर्मगुरू) अकिबा यांनी मशीहा मानले, असे परंपरा सांगते. हा नेता चमत्कार करणारा नव्हता, हाडामांसाचा सेनानी होता, ही बाब दैवी तारणहाराच्या समजाला छेद देते. १३५ मध्ये उठाव चिरडला गेला, अपार हानी झाली, आणि सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या विधिसंहितेत मशीहाचा उल्लेख अगदी तुरळक आहे. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदिस यांनी त्याच्या आगमनावरील विश्वास धर्माच्या तेरा मूलतत्त्वांत घेतला खरा, परंतु त्याने चमत्कार करून दाखवण्याची गरज नाही आणि सृष्टीचा क्रमही बदलणार नाही, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे लिहून ठेवले.

मशीहावरील श्रद्धा सर्व यहुद्यांत आज एकसारखी आहे, हा समजही टिकत नाही. सुधारणावादी रब्बींनी १८८५ साली पिट्सबर्ग येथे मशीहाविषयीची आशा म्हणजे सत्य, न्याय आणि शांती यांचे राज्य, असा अर्थ स्वीकारला, तर सनातनी यहुदी आजही नित्याच्या प्रार्थनेत दाविदाच्या वंशाचा अंकुर लवकर फुटावा, अशी याचना करतात.