पारायण आणि एक ओवी

गावोगावी ज्ञानेश्वरीचे सप्ताह बसतात. व्यासपीठचालक ओवी म्हणू लागतो, समोर पोथ्या उघडून बसलेले स्त्री-पुरुष त्याच्या सुरात सूर मिळवतात आणि सात दिवसांत अठरा अध्याय पुरे होतात. अभ्यासू मंडळींचा यावर एक जुना आक्षेप आहे. इतक्या वेगाने वाचून समजते काय? आणि जे समजत नाही, त्याला साधना कसे म्हणायचे?

आक्षेप आकड्यांनी तपासून पाहू. ज्ञानेश्वरीत सुमारे ९,००० ओव्या आहेत. सात दिवसांत त्या संपवायच्या तर रोज जवळजवळ १,३०० ओव्या होतात. एका ओवीला १० ते १२ सेकंद धरले, तरी रोजची बैठक चार तासांची. अध्यायही सारखे नाहीत. पाचव्यात २०० हूनही कमी ओव्या, तर अठराव्यात १,८०० हून अधिक. या वेगात अर्थाशी थांबायला सवड नाही, हे मान्यच करावे लागते.

पण हा ग्रंथ मुळात कानांसाठी आहे. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला तो बोलला गेला. सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी नोंद ग्रंथाच्या अखेरीस आहे. ज्ञानदेव पदोपदी श्रोत्यांशी बोलतात, त्यांची मनधरणी करतात, विषय लांबला म्हणून क्षमा मागतात. पुढे हस्तलिखितांत पाठ बिघडत गेले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) शुद्ध प्रत सिद्ध केली. छापील ज्ञानेश्वरी आली ती १८४५ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांच्या संपादनाखाली. म्हणजे साडेपाच शतके हा ग्रंथ पोथीत आणि लोकांच्या तोंडी राहिला. ज्याच्याकडे पोथी नव्हती किंवा ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याच्यापर्यंत तो पोचला तो ऐकण्यातूनच.

आपल्या परंपरेने साधनेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. पारायण हे श्रवण आहे. त्याने शब्द कानांत मुरतात. मननाचे काम त्याच्याकडून करून घ्यायला गेलो, की घोटाळा होतो.

मनन कसे करायचे, हे ओवीची रचनाच शिकवते. ग्रंथातल्या ओवीला चार चरण. पहिल्या तिघांच्या अखेरीस यमक, चौथा आखूड आणि यमकाशिवाय. तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. पण श्वास घेतला म्हणजे वाक्य संपले, असे नाही. ज्ञानदेव ‘जैसें’ म्हणून एक दृष्टांत देतात, मग ‘कां’, मग ‘ना तरी’ म्हणून आणखी दोन-तीन देतात आणि कितीतरी ओव्यांनंतर ‘तैसें’ येते. हे ‘कां’ आणि ‘ना तरी’ म्हणजे आपले ‘किंवा’. ओवीचा आकडा पडतो, अर्थ मात्र पुढे चालू असतो. ‘तैसें’ येईपर्यंत वाचकाने ते सगळे दृष्टांत मनात धरून ठेवायचे असतात. चित्त पळाले, तर ‘तैसें’ कशाला लागू होते, हेच कळत नाही. मागे जाऊन पुन्हा वाचावे लागते. एकाग्रतेची याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही. ती हळू वाचणाऱ्यालाच मिळते.

हे मला फार उशिरा उमगले. माझ्या वहीत तेव्हा पारायणांची मोजदाद असे. वडील अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षी मी घरीच सप्ताह धरला. तेरावा अध्याय चालू होता. ओव्या साडेअकराशेच्या वर, त्यामुळे मनाला घाई. आतल्या खोलीतून वडिलांनी दोनदा हाक मारली. वाचन मोडायचे नाही म्हणून मी पोथीवरची नजर न काढता हात वर केला, ‘थांबा’ म्हणून. पाणी पत्नीने नेऊन दिले. अध्याय वेळेत पुरा झाला.

वडील गेल्यावर काही महिन्यांनी तोच अध्याय नोंदी करण्यासाठी सावकाश वाचत होतो. त्यात अहिंसेचे विवेचन आहे. अहिंसा ज्याच्या अंगी बाणली, त्याचे चालणे कसे, बोलणे कसे, पाहणे कसे, हे सांगता सांगता ज्ञानदेव त्याच्या हातापाशी येतात. तो हात उगाच हलत नाही. उचललाच, तर नमस्कारासाठी, अभय देण्यासाठी किंवा दुखणाईताला हलकेच स्पर्श करण्यासाठी. मी पोथी मिटली. त्या दिवशी हाच भाग मी मोठ्याने, स्पष्ट उच्चारात म्हटला असणार. माझा हात वर गेला होता तो कशासाठी, हे मला चांगले आठवत होते.

त्यानंतर वहीतली मोजदाद थांबवली. पारायण सोडले नाही. वर्षातून एकदा सप्ताहात बसतो, कारण शंभर कंठांच्या नादात ओव्या आपसूक पाठ होत जातात आणि त्या पुढे अवचित उपयोगी पडतात. एरवी मात्र रोज पहाटे ‘जैसें’पासून ‘तैसें’पर्यंतचा एकच तुकडा घेतो. आधी मोठ्याने वाचतो. अडलेला शब्द कोशात पाहतो. पुन्हा वाचतो, पोथी मिटतो आणि तो तुकडा दिवसभर बरोबर ठेवतो. कधी चार ओव्या होतात, कधी दहा. या गतीने ग्रंथ पुरा व्हायला काही वर्षे लागतील.

नामदेवांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात ज्ञानेश्वरीसाठी जे माप सांगितले आहे, ते एका ओवीचे आहे. पूर्वी ती मला संतांनी सामान्यांना दिलेली सवलत वाटे. आता वाटते, सगळ्यांत अवघड अट तीच आहे. ९,००० ओव्या सात दिवसांत वाचून होतात. त्या हाताबद्दलची ओवी अजून माझी व्हायची आहे.