कॅनडा म्हणजे फक्त टोरंटो नव्हे : सस्काटूनचं स्वप्न दाखवलं जातंय? सातबारा गहाण टाकण्याआधी हा हिशेब वाचा

तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडच्या आसपास आता 'कॅनडा पीआर'चे बोर्ड दिसू लागले आहेत. आत गेलं की साधारण एकच गोष्ट सांगितली जाते. "टोरंटोत गर्दी झाली, घरभाडं परवडत नाही. तुम्ही पोराला छोट्या शहरात पाठवा. तिथं काम लगेच, पीआर लगेच."

यातलं अर्धं खरं आहे. छोट्या आणि मध्यम शहरांत राहणं टोरंटोपेक्षा स्वस्त पडतं आणि तिथल्या प्रांतांच्या स्वतःच्या योजना असतात, हे खरं. 'लगेच' हे खरं नाही. आणि पीआर, म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना, कुणी विकू शकतं हे तर अजिबात खरं नाही. सस्काटून या एका शहराचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

सस्काटून आहे तरी कसं?

सस्काटून हे कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं सगळ्यात मोठं शहर. 2021 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 2 लाख 66 हजार, म्हणजे आपल्या जालना शहराच्या जवळपास. सगळा प्रांत धरला तर माणसं 11 लाख 32 हजार. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. दोन महाराष्ट्रांएवढ्या जमिनीवर एका हिंगोली जिल्ह्याएवढी वस्ती, असं चित्र डोळ्यांपुढं आणा.

या प्रांताशी आपला संबंध जुनाच आहे. किराणा दुकानातली मसूर डाळ अनेकदा तिथल्या शेतातून आलेली असते. ऊस आणि केळीला आपण जे पोटॅश टाकतो, तेही मोठ्या प्रमाणात सस्कॅचवानच्या खाणीतलं असतं. त्यामुळं तिथली कामंही शेती, खाण, यंत्रांची दुरुस्ती, बांधकाम आणि दवाखाने यांच्या भोवतीच आहेत. शहरात सस्कॅचवान विद्यापीठ आहे, मंदिर आणि गुरुद्वारा आहे, भारतीय किराणाही मिळतो.

थंडी मात्र आपल्या कल्पनेबाहेरची. निफाडचा पारा 4-5 अंशांवर आला की आपल्याकडं बातमी होते. सस्काटूनला जानेवारीत रात्रीचं तापमान उणे 20 च्या आसपास असतं आणि थंडीची लाट आली की उणे 30 च्या खाली जातं. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला विजेचा प्लग लावून ठेवतात. डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. अशा थंडीत पहाटे बसस्टॉपवर उभं राहून कामाला जायचं असतं, हे पोराला आणि घरच्यांनाही आधी माहीत पाहिजे.

जायचे सरळ रस्ते तीनच

पहिला रस्ता शिक्षणाचा. त्यासाठी सरकारमान्य कॉलेजचं ऑफर लेटर लागतं. जानेवारी 2024 पासून कॅनडानं विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे, त्यामुळं बहुतेकांना प्रांताचं पत्रही जोडावं लागतं. 2026 पासून सरकारी विद्यापीठात मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांना या पत्रातून सूट आहे. बारावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांना ही सूट नाही.

शिक्षण झाल्यावर वर्क परमिट आपोआप मिळतं, हा मोठा गैरसमज आहे. प्रत्येक कॉलेज आणि प्रत्येक कोर्स त्यात बसत नाही. नोव्हेंबर 2024 पासून डिप्लोमासारख्या कोर्ससाठी नियम आणखी कडक झाले. कोर्स ठराविक क्षेत्रांतला पाहिजे आणि इंग्रजीची परीक्षाही पुन्हा दाखवावी लागते. 'बायकोलाही काम करता येईल' हे आश्वासनही जानेवारी 2025 पासून सगळ्यांना लागू नाही. साध्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्याच्या पती किंवा पत्नीला ते परमिट आता मिळत नाही.

दुसरा रस्ता नोकरीचा. तिथल्या मालकाचं खरं बोलावणं आणि त्यासाठी लागणारी सरकारी मंजुरी पाहिजे. नर्सिंग केलेल्यांना तिथलं रजिस्ट्रेशन लागतं. ट्रक चालवायचा तर आपलं हेवी लायसन्स चालत नाही. सस्कॅचवानमध्ये त्या लायसन्ससाठी 121.5 तासांचं सक्तीचं प्रशिक्षण आहे.

तिसरा रस्ता थेट पीआरचा. एक्स्प्रेस एंट्री या केंद्र सरकारच्या पद्धतीत वय, शिक्षण, इंग्रजी आणि अनुभव यांचे गुण मोजतात. विशीतल्याला वयाचे पूर्ण गुण, 45 नंतर शून्य. पूर्वी नोकरीच्या पत्राचे जादा गुण मिळायचे, म्हणून अशी पत्रं लाखो रुपयांना विकली जायची. 25 मार्च 2025 पासून ते गुणच बंद झाले. तरीही कुणी 'जॉब लेटर घ्या, गुण वाढतील' म्हणत असेल, तर तो शिळा माल विकतोय.

सस्कॅचवान प्रांताची स्वतःची निवड योजनाही आहे. पण 2025 च्या सुरुवातीला केंद्रानं तिचा कोटा निम्म्यावर, म्हणजे 3,625 वर आणला. नंतर तो थोडा वाढवला. ट्रकिंग, हॉटेल आणि दुकानांतल्या कामांना त्यात मर्यादा घातली आहे. आरोग्य, शेती आणि वेल्डर-इलेक्ट्रिशियनसारखी कुशल कामं यांना प्राधान्य आहे. आयटीआय केलेल्या आणि हातात खरा अनुभव असलेल्या मुलाला म्हणूनच आशा ठेवायला जागा आहे.

खर्चाचा खरा हिशेब

एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्या-जेवणासाठी 22,895 डॉलर दाखवावे लागतात. हा 1 सप्टेंबर 2025 पासूनचा आकडा आहे. एक डॉलर 62 रुपये धरला तर हे 14 लाखांच्या वर जातात. हे पैसे फी नाहीत. पोरगं तिथं गेल्यावर त्याच्याच खर्चाला लागणार आहेत. फी वेगळी, तिकीट वेगळं.

आता कमाई बघा. कॉलेज चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला 24 तासच बाहेर काम करता येतं. सस्कॅचवानमध्ये किमान मजुरी ऑक्टोबर 2025 पासून तासाला 15.35 डॉलर आहे. म्हणजे आठवड्याला 368 डॉलर आणि महिन्याला साधारण 1,600, तेही कपातीच्या आधी.

रुपयांत हे एक लाखाच्या जवळ दिसतं आणि इथंच घरच्यांची गफलत होते. कारण खर्चही डॉलरमध्येच आहे. सरकारनं धरलेले 22,895 डॉलर बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला 1,900 होतात. नियमात बसेल तेवढं काम करूनही राहण्या-जेवणाला 300 डॉलर कमी पडतात. कॉलेजच्या ठरलेल्या मोठ्या सुट्टीत पूर्ण वेळ काम करता येतं, त्यानं थोडी भर पडते, जर काम मिळालं तर. पण 'दुसऱ्या वर्षाची फी तो तिथं कमावून भरेल आणि वर व्याजही पाठवेल' हा हिशेब कागदावरच बसत नाही.

नियम मोडून जास्त तास काम केलं तर शिक्षणाचा परवानाच धोक्यात येतो. आणि गावाकडून व्याजासाठी फोन यायला लागले की पोरं नेमकं तेच करायला जातात.

एजंट खरा कसा ओळखायचा?

पहिली गोष्ट, अर्ज स्वतः करता येतो. एजंट लागतोच असं नाही आणि एजंटचा अर्ज आधी बघितला जातो असंही नाही. व्हिसाचा निर्णय कॅनडाचा अधिकारी घेतो, तिथं 'सेटिंग' नसते.

पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा असेल तर कायद्यानं माणूस तिथला वकील असावा लागतो किंवा त्याच्याकडं इमिग्रेशन कन्सल्टंटचं लायसन्स लागतं. लायसन्सधारकांची यादी इंटरनेटवर सगळ्यांना मोफत बघता येते. एजंटला नाव आणि लायसन्स नंबर विचारा आणि मोबाइलवर त्याच्यासमोरच तपासा. टाळाटाळ केली तर उठून या.

नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटचा नियम वेगळा आहे. त्याची भारत सरकारकडं नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते. असा एजंट जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. सस्कॅचवानच्या कायद्यानं तर नोकरी देण्यासाठी कामगाराकडून पैसे घ्यायलाच बंदी आहे. म्हणजे '15 लाखांत जॉब' ही ऑफर दोन्हीकडं बेकायदा आहे.

खोट्या कागदाची किंमत एजंट नाही, मुलगा मोजतो. जालंधरच्या एका एजंटनं कॉलेजची बनावट ऑफर लेटर देऊन पंजाबातली मुलं पाठवली होती. 2023 मध्ये ते उघड झालं, तेव्हा शिकून नोकरीला लागलेल्या मुलांवरही परत पाठवले जाण्याची वेळ आली. त्यानंतर डिसेंबर 2023 पासून प्रत्येक ऑफर लेटर कॅनडा सरकार थेट कॉलेजकडून तपासून घेतं. अर्जात खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी बसते. बँकेत चार दिवसांसाठी उसने आणून दाखवलेले पैसेही खोट्या माहितीतच मोजले जाऊ शकतात.

'कॅनडातून चोरवाटेनं अमेरिकेत पोहोचवतो' म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. जानेवारी 2022 मध्ये सस्कॅचवानच्या शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात, सीमेजवळच्या बर्फात गुजरातच्या डिंगुचा गावचं एक कुटुंब गोठून मेलं. आई, वडील, 11 वर्षांची मुलगी आणि 3 वर्षांचा मुलगा.

जमिनीचं काय?

बहुतेक बँका शिक्षणाच्या कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला तयार नसतात, कारण थकलं तर ती जप्त करून विकणं त्यांना सोपं नसतं. मग माणूस सावकाराकडं वळतो. इथं तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, सावकाराकडं परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात विचारा. दोन, 'गहाणखत आहे' असं तोंडी सांगून खरेदीखतावर सही घेतली जाते. कागदाचं नाव स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर ओळखीच्या वकिलाला दाखवा. तीन, व्हिसा हातात पडायच्या आधी जमिनीचा कुठलाही व्यवहार करू नका. आधी बँकेत विचारा. व्हिसा नाकारला तर कॉलेज फी किती परत देतं, हे ऑफर लेटरसोबतच्या नियमांत असतं. तेही पैसे भरण्याआधी बघून घ्या.

पोहोचल्यावर पहिले दिवस

काम करायला नऊ आकडी सिन नंबर लागतो. तो सरकारी कार्यालयात फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बँक खातं आणि प्रांताचं हेल्थ कार्ड ही त्यानंतरची कामं. बर्फातले बूट आणि जाड जॅकेट तिथंच घ्यावं, इथलं स्वेटर तिथं टिकत नाही. दुकानात लिहिलेल्या किमतीवर बऱ्याच वस्तूंना 11 टक्के कर काउंटरवर लागतो. घर न बघता ऑनलाइन डिपॉझिट भरू नका. पहिले काही दिवस कॉलेजच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडं काढून मग खोली शोधावी.

फोनची वेळही घरच्यांनी लक्षात ठेवावी. सस्कॅचवान वर्षभर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं असतं. आपल्याकडं सकाळचे आठ, तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेआठ.

पैसे देण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

1. एजंटचा लायसन्स नंबर काय? यादीत नाव सापडलं का?
2. कॉलेज सरकारमान्य यादीत आहे का? कॉलेजच्या वेबसाइटवरचा ईमेल घेऊन स्वतः खात्री केली का?
3. हा कोर्स झाल्यावर वर्क परमिट मिळतं का? कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर बघितलं का?
4. दोन्ही वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च, मुलाच्या कमाईचा एक रुपयाही न धरता, भागतो का?
5. पैसे बँकेतून आणि पावतीवर दिले जातायत, की रोखीत?
6. मुलगा दोन वर्षांत परत आला, तर कर्ज फिटेल आणि शेत राहील का?

कॅनडाचे नियम दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळं अर्ज करायच्या दिवशी कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर आकडे पुन्हा तपासावेत. फसवणूक झालीच, तर लाजेखातर गप्प बसू नका. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो जपून ठेवा.