गर्भाचे वाली पुष्कळ, बाईचे कोण?

2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. आपल्या वस्त्यांतली मुलेही रांगेत उभी राहिली. योग्यच झाले. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर मूल बहिरे, आंधळे किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकते. 1964-65 च्या साथीत एकट्या अमेरिकेत अशी सुमारे 20 हजार बालके जन्मली.

पण ही लस आली कुठून? 1962 साली स्वीडनमध्ये एका विवाहित बाईने कायदेशीर गर्भपात करून घेतला. पदरी मुले होती, आणखी नको होते. त्या गर्भाच्या फुफ्फुसांतून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक यांनी डब्ल्यूआय-38 या पेशी वाढवल्या. स्टॅन्ली प्लॉटकिन यांची रुबेला लस त्यांच्यावरच तयार झाली. पुण्यात बनणारी रुबेला लसही गर्भापासून मिळालेल्या अशाच मानवी पेशींवर वाढते.

त्या बाईला कुणी विचारले? कुणीच नाही! तिला हे कळले ते वर्षांनंतर. 1970 च्या दशकात पेशींच्या मालकीवरून हेफ्लिक आणि अमेरिकी सरकार कोर्टात भांडले. पक्ष दोनच होते; बाई कुठेच नव्हती. 1951 साली बाल्टिमोरमध्ये हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या पेशीही न विचारताच घेतल्या गेल्या. तिच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड केली ती 2023 साली.

तिकडचे धर्ममार्तंड गर्भासाठी अश्रू ढाळतात. गर्भपेशींच्या संशोधनावर 2019 साली ट्रम्प सरकारने निर्बंध घातले, 2021 साली बायडेन सरकारने ते उठवले. या ओढाताणीतही बाईला कुणी विचारले नाही.

आम्ही विज्ञानाच्या बाजूचे आहोत. लस नाकारा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण 1938 साली रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला, त्यामागे बाबासाहेब होते. बाईच्या देहाचा निर्णय बाईचाच, हा आमचा वारसा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गर्भपाताचा निर्णय आधी होऊ द्या. पेशींसाठी नंतर वेगळे विचारा, तिच्या भाषेत विचारा. दडपण नको, पैशाचे आमिष नको. ती नाही म्हणाली तर उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. सरकारी दवाखान्याच्या खाटेवर आपलीच माय-बहीण असते. न वाचता येणाऱ्या इंग्रजी कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे!