ग्लोव्हज पुन्हा चढवण्याआधी बारा आठवडे

बोईसर-तारापूरच्या कुठल्याही वस्तीत विचारा, असा एखादा मुलगा सापडतोच. शाळा-कॉलेजात असताना तो बॉक्सिंग खेळायचा. मग घरची जबाबदारी आली, एमआयडीसीत कंत्राटावर काम लागले, दिवसपाळी-रातपाळी सुरू झाली आणि ग्लोव्हज माळ्यावर गेले. मुलींच्या बाबतीत मध्ये लग्न आणि बाळंतपण येते. तीन-चार वर्षांनी पोलीस भरतीची जाहिरात निघते, किंवा धाकटा भाऊ खेळू लागतो, आणि मन म्हणते, पुन्हा सुरू करू या.

पहिल्याच दिवशी जुन्या आठवणीने शंभर जोर, शंभर बैठका आणि बॅगवर सहा राउंड होतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पंधरा दिवसांत खांदा धरतो आणि महिन्याभरात ग्लोव्हज परत माळ्यावर जातात. अशा वेळी लोक म्हणतात, "याच्यात जिद्दच नाही." जिद्द असते. चुकतो तो क्रम. तो क्रम कसा असावा, हे या लेखात पाहू.

शरीर काय विसरते, काय लक्षात ठेवते

सराव सुटला की सर्वांत आधी दम जातो. दोन ते चार आठवड्यांतच फरक जाणवतो. ताकद त्यापेक्षा हळू ओसरते. स्नायू बारीक होतात, पण पूर्वीच्या मेहनतीने स्नायूंच्या पेशींत वाढलेली केंद्रके बराच काळ टिकून राहतात, असे संशोधकांना आढळले आहे. शिवाय ठोसा कसा मारायचा, पाय कसा टाकायचा, हे मेंदू विसरत नाही. म्हणून जुना खेळाडू नवशिक्यापेक्षा लवकर तयार होतो.

धोकाही इथेच आहे. स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, म्हणजे कंडरा, आणि सांधे हे स्नायूंच्या वेगाने तयार होत नाहीत. त्यांना कित्येक महिने लागतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखे वाटते आणि माणूस एकदम वजन वाढवतो. पण खांद्याची, कोपराची, घोट्याची कंडरा अजून कच्चीच असते. बहुतेक दुखापती या टप्प्यावर होतात.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेचा जॉर्ज फोरमन १९७७ मध्ये रिंगणातून बाहेर पडला आणि १९८७ मध्ये परतला. जगज्जेतेपद त्याला १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी मिळाले. म्हणजे परतल्यानंतर सात वर्षे गेली. आपल्या मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुले झाली. त्यानंतर तिने सराव पुन्हा उभा केला आणि २००८ मध्ये चीनमध्ये चौथे जागतिक सुवर्णपदक जिंकले. तिसऱ्या मुलानंतर २०१४ मध्ये आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि २०१८ मध्ये दिल्लीत सहावे जागतिक सुवर्ण मिळवले. खंड पडला म्हणून खेळ संपत नाही, एवढे यातून नक्की कळते.

आधी आरोग्य केंद्रात जा

सुरुवात करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तीन गोष्टी तपासून घ्या: रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल.

सिकलसेलकडे आपल्या घरांनी विशेष लक्ष द्यायला हवे. विदर्भातील बौद्ध समाजात आणि पालघरच्या आदिवासी समाजात हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. विदर्भातून कामासाठी इकडे आलेल्या कुटुंबांनी तर चाचणी करून घ्यावीच. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, त्याला वाहक म्हणतात. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, खेळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जीव तोडून मेहनत केली, तर त्याचे स्नायू मोडून मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. क्वचित जीवही जातो. वाहकाने व्यायाम सोडू नये. हळूहळू वाढवावा, मध्ये विश्रांती घ्यावी आणि पाणी पीत राहावे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांनी मात्र तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॉक्सिंगकडे वळू नये. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे, तेव्हा चाचणी मागायला संकोच करू नका.

महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी लोहाच्या गोळ्या आणि आहार, मग जोरदार सराव. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झाले असेल तर, डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरुवात करा. खोकताना किंवा उडी मारताना लघवी सुटत असेल तर लाजू नका, तेही सांगा. त्यावर व्यायाम आहेत.

वस्तीतली व्यायामशाळा

ठोशाची ताकद हातातून येत नाही. ती पायातून निघते, कमरेतून वळते आणि खांद्यावाटे मुठीत पोहोचते. म्हणून पाय, कंबर, पाठ आणि मान आधी बांधायची. त्यासाठी जिमची फी भरलीच पाहिजे असे नाही. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. ५ आणि १० लिटरचे कॅन, पाण्याचा २० लिटरचा जार, दप्तरात भरलेली वाळू आणि घराचा ओटा एवढ्यात काम भागते.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून २ दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर.
– बाकावर टेकून उठण्याच्या बैठका: ८ वेळा, २ फेऱ्या.
– ओट्यावर हात टेकवून जोर: ८ वेळा, २ फेऱ्या.
– कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून १० लिटरचा कॅन उचलणे: ८ वेळा, २ फेऱ्या.
– एक हात बाकावर टेकवून दुसऱ्या हाताने ५ लिटरचा कॅन कमरेकडे ओढणे: प्रत्येक हाताने १० वेळा, २ फेऱ्या.
– टाचा उचलणे: १२ वेळा, २ फेऱ्या.
– कोपरांवर शरीर तोलून धरणे: २० सेकंद, २ वेळा.
– तळहाताने कपाळ, मग डोक्याची मागची बाजू आणि दोन्ही बाजू दाबून मान न हलवता विरोध करणे: ५ सेकंद. डोक्यावर भार टाकून कमान करण्याचा जुना प्रकार आता नको.
इतर दिवशी अर्धा तास झपाझप चाला आणि हवेत ठोशांचे २ मिनिटांचे ३ राउंड करा. हातात वजन घेऊ नका.

पाचवा ते आठवा आठवडा: ३ दिवस, ३ फेऱ्या. जोर आता जमिनीवर. एक-एक पायाने पायरी चढणे सुरू करा. दोरीवरच्या उड्या ३० सेकंदांपासून वाढवा. हाताला पट्टी बांधून बॅगवर हलके राउंड घ्या.

नववा ते बारावा आठवडा: आता वेग आणा. वजन थोडे कमी करून जोरात उठा, छोट्या उड्या मारा, वजनदार चेंडू कंबर वळवून भिंतीवर फेका. बॅग आणि पॅडचे राउंड वाढवा. ताकदीचे दिवस पुन्हा दोनच ठेवा.

यात तीन नियम पाळा. पहिला, दोन शिल्लक ठेवा: आणखी दोन वेळा नीट जमले असते, अशा ठिकाणी थांबा. दुसरा, एक ढकललात तर दोन ओढा: जोराच्या एका फेरीमागे कॅन ओढण्याच्या दोन फेऱ्या झाल्या तर खांदा वाचतो. पहिल्या महिन्यानंतर हे प्रमाण गाठा. तिसरा, वाढ थोडी: सगळ्या फेऱ्या स्वच्छ झाल्या तरच पुढच्या आठवड्यात वजन वाढवा, तेही दहा टक्क्यांच्या आत. १० लिटरच्या कॅनमध्ये आज ८ लिटर पाणी असेल तर पुढच्या आठवड्यात पाऊण लिटर भरा.

पाळी, हवा आणि ताट

बारा तासांची पाळी करून आल्या आल्या व्यायाम करू नका. रातपाळीनंतर आधी झोप, मग थोडे खाणे, मग सराव. झोप अपुरी झाली त्या दिवशी एक फेरी कमी करा, पण दिवस चुकवू नका. तारापूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत गणले जाते. हवेत रसायनाचा वास किंवा डोळ्यांना जळजळ जाणवली तर त्या वेळी धावायला जाऊ नका. घरातले ताकदीचे व्यायाम करा.

ताकद वाढवायची तर रोज प्रत्येक किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम सुक्या हरभऱ्यात सुमारे २० आणि १०० ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे ५० ग्रॅम मिळतात. सातपाटीकडची सुकट आणि सुके बोंबील हेही प्रथिनांचे स्वस्त भांडार आहे. मीठ जास्त असते, म्हणून धुऊन घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. महागडा डबा लागत नाही. आणि कुणी "पटकन अंग भरेल" म्हणून इंजेक्शन दाखवले तर तिथून उठा. ते हृदय आणि यकृत बिघडवते, शिवाय उत्तेजक चाचणीत सापडलात तर खेळावर बंदी येते.

रिंगण सर्वांत शेवटी

समोरासमोर लढत बारा आठवड्यांनंतरच, तीही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, डोक्याचे कवच आणि दातांचे संरक्षक घालून. पूर्वी ठोसा लागून बेशुद्ध पडला असाल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अजिबात नको.

पुढील लक्षणे दिसली तर लगेच थांबा: छातीत दुखणे, चक्कर, पाय किंवा पाठ एकदम दुखून बळ जाणे, काळ्या चहासारखी लघवी, डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गोंधळलेले बोलणे. माणसाला सावलीत आणा, १०८ ला फोन करा, आणि तो सिकलसेलचा वाहक असेल तर तसे स्पष्ट सांगा.

सगळ्यांना रिंगणात परतता येईलच असे नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग गेले आणि बॉक्सिंग कायमचे सुटले. ते पोहण्याकडे वळले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. डॉक्टरांनी डोक्याला मार नको असे सांगितले, तरी पाय, पाठ आणि दम तुमचेच राहतात. भरतीच्या मैदानावर, कारखान्यात आणि वस्तीतल्या लहान मुलांना शिकवताना ते उपयोगी पडतात.

एक वही घ्या. पहिल्या पानावर तीन तपासण्यांचे निकाल लिहा, दुसऱ्या पानापासून रोजच्या फेऱ्या. बाराव्या आठवड्यात पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहा. मगच माळ्यावरचे ग्लोव्हज खाली काढा.