व्यायामकाळी हृद्गतिमापन : यंत्राची निवड आणि वैद्याचा विवेक

स्थौल्य, प्रमेह अथवा रक्तदाबाचा रुग्ण समोर बसला की आहार व औषध यांसोबत ‘अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा’ असा उपदेश आपण सर्वच करतो. पूर्वी रुग्ण विचारीत असे, ‘म्हणजे किती फेऱ्या मारू?’ आता तो मनगट पुढे करतो आणि विचारतो, ‘वैद्यराज, हा आकडा कितीपर्यंत जाऊ द्यायचा? आणि हे घड्याळ बरोबर दाखवते ना?’ औषधालयाच्या काउंटरवरही हाच प्रश्न येतो. तेथे त्याला आणखी एक जोड असते, ‘यातले कोणते घेऊ?’ हार्ट रेट मॉनिटर अर्थात हृद्गतिमापक हे यंत्र आता केवळ खेळाडूंचे राहिलेले नाही. म्हणून त्याची निवड कशी करावी व त्याच्या आकड्यावर विश्वास कोठवर ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

एक अनुभव

आमच्याकडे ५८ वर्षे वयाचे एक गृहस्थ प्रमेहासाठी उपचार घेत होते. रक्तदाबासाठी त्यांना मेटोप्रोलॉल हे आधुनिक औषध चालू होते. मुलाने भेट दिलेल्या घड्याळाने २२० मधून वय वजा करून १६२ ही त्यांची कमाल हृद्गती ठरविली आणि तिच्या ७० टक्के, म्हणजे मिनिटाला ११३ स्पंदने, हे उद्दिष्ट दिले. त्यांचा आकडा मात्र ९८ च्या पुढे सरकेना. ‘आपण कमी पडतो’ या समजुतीने ते टेकडी रोज अधिक वेगाने चढू लागले. आठवड्याभरात एके सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत स्नेही होते म्हणून अनर्थ टळला.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे हृद्गती वाढूच देत नाहीत. ते त्यांचे कार्यच आहे. घड्याळाने स्पंदने बरोबर मोजली होती. चूक होती ती उद्दिष्टात. आणि आम्हीही ‘व्यायाम वाढवा’ एवढेच सांगून थांबलो होतो, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

यंत्रांचे प्रकार

बाजारातील हृद्गतिमापकांचे कार्यतत्त्वानुसार दोन वर्ग पडतात.

पहिला वर्ग छातीपट्ट्याचा. उरोस्थीच्या खालच्या टोकाशी बांधावयाच्या पट्ट्यात दोन विद्युद्ग्र असतात. ईसीजीप्रमाणेच ते हृदयाचे विद्युत्स्पंद टिपतात आणि तारेविना घड्याळाकडे अथवा मोबाइलकडे पाठवितात. फिनलंडमधील पोलर या कंपनीने १९८२ साली तारेविना चालणारा असा मापक बाजारात आणला. तेव्हापासून खेळाडूंच्या प्रशिक्षणात छातीपट्टा रूढ झाला.

दुसरा वर्ग प्रकाशमापकांचा. मनगटी घड्याळे, फिटनेस बँड आणि दंडावर बांधावयाचे पट्टे यांत मोडतात. यंत्राच्या पाठीवरील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते. प्रत्येक स्पंदनासरशी केशिकांतील रक्त वाढते व कमी होते, तसा परतणारा प्रकाशही बदलतो. हा बदल मोजून यंत्र स्पंदनसंख्या काढते. म्हणजे छातीपट्टा हृदयाची विद्युत्क्रिया मोजतो, तर घड्याळ त्वचेतील रक्ताची लाट मोजते. पुढील सर्व गुणदोष या एकाच भेदातून उद्भवतात.

अचूकतेचा प्रश्न

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ५० निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार मनगटी यंत्रे व एक छातीपट्टा यांची ईसीजीशी तुलना होती. छातीपट्ट्याचा ईसीजीशी मेळ ०.९९ इतका आढळला. मनगटी यंत्रांचा ०.८३ ते ०.९१. त्यानंतर यंत्रे सुधारली आहेत, तथापि मूळ अडचण कायम आहे. घड्याळ सैल असेल, मनगट वाकत असेल, थंडीने त्वचेतील रक्त कमी झाले असेल अथवा सेन्सरखाली गडद गोंदण असेल, तर आकडा बिघडतो. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात त्वचेच्या वर्णामुळे सांख्यिकीदृष्ट्या ठळक फरक आढळला नाही; मात्र विश्रांतीच्या तुलनेत हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी अधिक होती.

चालताना एक विशेष फसगत होते. भरभर चालणाऱ्याची पावले मिनिटाला ११० ते १२० पडतात आणि त्याच लयीत हात हलतो. काही वेळा घड्याळ ही लयच नाडी समजते. आमच्या एका रुग्णाचे घड्याळ ११८ दाखवीत होते. त्याच क्षणी थांबवून नाडी मोजली असता ती ९२ भरली. काही स्वस्त बँड तर गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधले तरी आकडा दाखवितात. पडद्यावर आकडा आला म्हणजे नाडी सापडली, असे मानू नये.

उष्मांकांचे आकडे तर याहून दुबळे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रे तपासली. सहा यंत्रांची हृद्गती ५ टक्क्यांच्या आतील चुकीने बरोबर होती. परंतु उष्मांकांत सर्वोत्तम यंत्राचीही चूक सुमारे २७ टक्के होती. ‘इतके उष्मांक जळले’ या आकड्यावर स्थौल्याच्या रुग्णाचा आहार ठरवू नये, हे ओघानेच आले.

आकडा कसा ठरवावा

२२० वजा वय हे सूत्र सोपे आहे, परंतु ढोबळ आहे. एकाच वयाच्या निरोगी व्यक्तींच्या कमाल गतीत १० ते १२ स्पंदनांचा फरक सहज असतो. २००१ मध्ये तनाका व सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करण्याचे सूत्र मांडले. उतारवयासाठी ते अधिक जुळते. कार्व्होनेन यांची १९५७ पासूनची पद्धत विश्रांतीतील नाडीही हिशेबात घेते, म्हणून आम्हांस ती अधिक ग्राह्य वाटते. उदाहरणार्थ, वय ५०, विश्रांतीतील नाडी ७०. तनाका यांच्या सूत्राने कमाल गती १७३. राखीव गती १७३ वजा ७०, म्हणजे १०३. मध्यम व्यायाम म्हणजे या राखीव गतीच्या ४० ते ५९ टक्के. म्हणजेच नाडी सुमारे १११ ते १३१ च्या दरम्यान राहावी. नवशिक्याने खालच्या टोकापासून आरंभ करावा.

राखीव गतीचा अर्धा भाग आणि अर्धशक्ती यांचे साम्य मोहक आहे; पण दोहोंना एकच समजणे योग्य नव्हे. सुश्रुतांनी बलार्धाचे लक्षण सांगितले ते श्वास मुखावाटे येऊ लागण्याचे. ग्रंथांतरी ललाट, नासा व कक्षा येथे स्वेद आणि मुखशोष ही लक्षणे आहेत. ही लक्षणे रुग्णाच्या त्या दिवसाच्या बलाची असतात. तोच मनुष्य वैशाखात त्याच वेगाने चालला तर उष्म्याने नाडी अधिक चढते. ग्रीष्मात व्यायाम अल्प करावा ही ऋतुचर्या येथे यंत्रालाही मान्य करावी लागते. म्हणून आकडा व लक्षण यांत विरोध आला तर लक्षण प्रमाण मानावे. चालताना वाक्य बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, ही साधी कसोटी रुग्णाला सहज समजते.

कोणाचा आकडा फसवा

१) वर सांगितलेली गतिरोधक औषधे, तसेच डिल्टिआझेम, व्हेरापामिल घेणारे. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्यांचीही गती मंदावू शकते.
२) हृदयाची अनियमित गती असणारे. यात काही स्पंदने मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. घड्याळ कमी मोजते. येथे हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून एक मिनिट मोजावे.
३) पेसमेकर बसविलेले.
४) दीर्घकालीन प्रमेही, ज्यांच्या हृदयाच्या नाड्यांवर परिणाम झालेला आहे.

अशा रुग्णांना सूत्रातील उद्दिष्ट देऊ नये. व्यायामाची मर्यादा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. छातीत दाटणे, भोवळ, अकारण धाप यांपैकी काहीही झाल्यास आकडा कितीही असो, थांबावे. आकडा वाढत नाही म्हणून औषध बंद करण्याचा मोह रुग्णास होतो. तो आपण स्पष्ट शब्दांत मोडून काढला पाहिजे.

पडताळा

यंत्र घेतल्यावर रुग्णाने ते चिकित्सालयात घेऊन यावे. पाच मिनिटे बसवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. नंतर तीन मिनिटे भरभर चालवून, थांबताच पाच सेकंदांच्या आत मोजणी सुरू करावी आणि १५ सेकंदांची संख्या चौपट करावी. सहायकाने त्याच वेळी पडद्यावरील आकडा टिपावा. असे तीनदा करावे. बसून ५ पेक्षा व चालून १० पेक्षा अधिक तफावत वारंवार आली, तर त्या यंत्रावर विसंबू नये, असा नियम आम्ही ठेवला आहे.

औषधालयचालकांसाठी

केवळ चालणाऱ्या निरोगी व्यक्तीस पडताळून घेतलेले मनगटी यंत्र पुरते. धावणारे, सायकल चालविणारे, वा ज्यांना मर्यादा ओलांडावयाची नाही त्यांना छातीपट्टा सुचवावा. तो नकोसा वाटल्यास दंडावरील पट्टा. छातीपट्ट्याचे विद्युद्ग्र पाण्याने ओले करून बांधावेत व वापरानंतर धुवावेत, हे विकतानाच सांगावे. बॅटरी व पट्टा बदलून मिळतो का, मोबाइलशी जुळतो का, आकडे उतारवयात चष्म्याविना वाचता येतात का, हेही पाहावे. स्मार्ट घड्याळे भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणीत येतात. ते चिन्ह पाहूनच माल घ्यावा व पक्के बिल द्यावे. ‘वैद्यकीय उपयोगासाठी नाही’ असे वेष्टनावर असेल तर तोंडी त्याच्या उलट सांगू नये. बोटावरचा ऑक्सिमीटर बसून मोजण्यासाठी आहे. व्यायामाचे यंत्र म्हणून तो देऊ नये.

समारोप

शार्ङ्गधरांच्या काळापासून नाडी आपल्या बोटांखाली आहे. यंत्र तिची केवळ संख्या सांगते. गती, बल आणि रुग्णाची मुद्रा वैद्यालाच पाहावी लागते. आमच्या त्या रुग्णाच्या घड्याळातील उद्दिष्ट आम्ही काढून टाकले. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ताणचाचणी करून मर्यादा ठरवून दिली. आता ते बोलत बोलत टेकडी चढतात आणि ९५ च्या आसपास समाधानी असतात. ‘किती आकडा?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक रुग्णाला प्रथम ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असा प्रतिप्रश्न आपण करावा, एवढीच आमची वैद्यबंधू-भगिनींना व औषधालयचालकांना विनंती.