लय जुळली, पण पट्टी सरकली!

टेक हाउस प्रकारची दोन गाणी डीजेला बेमालूम जोडायची आहेत. दोन्ही काळी एकमध्ये. एक मिनिटाला १२५ ठोक्यांचे, दुसरे ११८ चे. दुसरी तबकडी ६ टक्के जलद फिरवली की ठोके जुळतात. पण सुईखालून दर सेकंदाला जाणारी कंपनेही तेवढीच वाढतात! हार्मोनियमवर लगतच्या पट्टीत एवढेच अंतर असते. म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये गेले. आता दोन्ही एकदम वाजली तर कानाला किती खुपेल, ते पेटीवर या दोन पट्ट्या एकत्र दाबून पाहा.

१९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ यंत्रावर वेग ८ टक्के कमीजास्त करता येई. सूर मात्र वेगासोबतच हले. संगणक ध्वनीचे बारीक तुकडे एकमेकांवर किंचित चढवतो, म्हणून वेग वाढूनही पट्टी तीच राहते. अर्थात फार ताणले, तर ठोका बोथट होतो.