पाळीचे दिवस आणि ‘सुरक्षित’ दिवसांचा हिशेब

पाळी चालू असताना किंवा नुकतीच संपली असताना संबंध आले, तर दिवस राहू शकतात का? हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला जात नाही. तो मैत्रिणीला किंवा फार तर वहिनीला विचारला जातो आणि बहुधा एकच उत्तर मिळते: त्या दिवसांत काही होत नाही. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते हे उत्तर जवळजवळ बरोबर आहे. पण त्यामागची समजूत चुकीची आहे, आणि ती धरून पाचव्या, सातव्या किंवा सव्विसाव्या दिवशी कोणी निर्धास्त राहिले तर फसगत होते. रक्तस्राव सुरू झाला म्हणजे आधीचे चक्र संपले, एवढेच कळते. पुढचे स्त्रीबीज कधी बाहेर पडेल हे त्यावरून कळत नाही. म्हणून केवळ पाळीच्या तारखेवर भिस्त ठेवून गर्भधारणा टाळता येत नाही, आणि घडवून आणायची असेल तर तेवढ्यावर थांबून चालत नाही.

शरीरात घडते ते असे. बीजकोषात एक स्त्रीबीज पिकते आणि बाहेर पडते. त्याचे आयुष्य जेमतेम 12 ते 24 तासांचे असते. ते फळले नाही, तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली येते, गर्भाशयाचे अस्तर गळते आणि पाळी येते. बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा हा उत्तरार्ध त्यातल्या त्यात स्थिर असतो. पाळी सुरू झाल्यापासून पुढचे बीज पिकेपर्यंतचा पूर्वार्ध मात्र बाईगणिक बदलतो, आणि एकाच बाईचाही महिन्यागणिक बदलतो. त्यात भर शुक्राणूंची. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या मुखाशी पातळ, ताणला जाणारा स्राव तयार होतो आणि त्यात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे आजच्या संबंधातून गर्भ आजच राहायला हवा असे नाही, तो चार-पाच दिवसांनीही राहू शकतो. चोवीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. तिचे बीज दहाव्या दिवशी बाहेर पडले, तर पाचव्या दिवसापासून गर्भधारणेचा काळ सुरू होतो. तिचा रक्तस्राव सहा दिवस चालत असेल, तर तो काळ पाळी संपण्याआधीच सुरू झालेला असतो.

हे गणित वैद्यकालाही फार उशिरा उमगले. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले डॉक्टर कुत्रीच्या माजावरून बाईच्या पाळीचा अर्थ लावत होते. कुत्री माजावर येते तेव्हा रक्त दिसते, तेव्हा बाईचाही फळण्याचा काळ पाळीच्याच आसपास असणार, असा त्यांचा तर्क होता. त्यामुळे मूल नको असलेल्या जोडप्यांना ते दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित म्हणून सांगत, म्हणजे नेमके सर्वांत धोक्याचे दिवस. 1920च्या दशकात जपानच्या क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस यांनी बीज बाहेर पडण्याचा काळ पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो हे दाखवले. शिकागोच्या डॉ. लिओ लाट्झ यांनी 1932मध्ये ‘द रिदम’ या पुस्तकातून ही पद्धत अमेरिकेच्या कॅथलिक घराघरांत पोचवली. मात्र लोकांच्या डोक्यात त्यातला बारकावा राहिला नाही. राहिला तो अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि चौदावा दिवस. हा आकडा आजही शाळेच्या पुस्तकापासून मोबाइलच्या अॅपपर्यंत सगळीकडे ठाण मांडून बसला आहे.

त्याची खरी परीक्षा झाली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात. तिथल्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संस्थेचे ॲलन विल्कॉक्स, क्लॅरिस वाइनबर्ग, डोना बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात मूल हवे असलेल्या 221 निरोगी स्त्रिया अभ्यासासाठी निवडल्या. या स्त्रियांनी गर्भनिरोधक बंद केले. रोज सकाळची पहिली लघवी त्या बाटलीत घेऊन घरच्या फ्रीझरमध्ये ठेवत, आणि रक्तस्राव झाला का, संबंध आले का, याची वहीत नोंद करत. प्रयोगशाळेत त्या लघवीतल्या संप्रेरकांवरून बीज कोणत्या दिवशी बाहेर पडले ते ठरवले गेले. 1995मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला. गर्भधारणा फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून झाली होती: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी संबंध आले तर शक्यता सुमारे 10 टक्के, त्याच दिवशी आले तर सुमारे 33 टक्के. दुसऱ्या दिवसापासून संधी संपलेली होती.

सहा दिवस पक्के ठरले, पण ते महिन्यात येतात कधी? याचे उत्तर त्याच नोंदींवरून 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले आणि चौदाव्या दिवसाचा आधार निखळला. दहाव्या ते सतराव्या दिवसांत हे सहाही दिवस बसले अशा स्त्रिया 30 टक्क्यांच्याच आसपास होत्या. चौथ्या दिवशीच सुमारे 2 टक्के स्त्रियांचा हा काळ सुरू झालेला होता आणि सातव्या दिवसापर्यंत हे प्रमाण 17 टक्क्यांवर गेले. म्हणजे तीन दिवसांत आठपट. आपल्याकडे पाळीचे चार दिवस सरले की पाचव्या दिवशी सगळे पूर्ववत होते. ज्या काळात शक्यता चढू लागते, त्याच्या तोंडाशीच अनेक जोडपी ‘आत्ताच तर पाळी झाली’ म्हणून बेफिकीर असतात.

यावर कोणी म्हणेल, दोन टक्क्यांसाठी एवढी काळजी कशाला? आक्षेप रास्त आहे. हे दोन टक्के गर्भधारणेचे नव्हेत, तो काळ सुरू झालेला असण्याचे आहेत. त्यातही प्रत्येक संबंधातून गर्भ राहत नाही, म्हणून चौथ्या दिवशी प्रत्यक्ष दिवस राहण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा बरीच कमी आहे. एखाद्या वेळी असे घडले म्हणून कोणा मुलीने रात्र रात्र जागून काढण्याचे कारण नाही. पण पद्धत म्हणून तेच धोरण महिनोन्महिने पाळले, तर शक्यता साचत जाते, आणि सातव्या-आठव्या दिवसाला चौथ्याचा हिशेब लावता येत नाही. दुसरा आक्षेप अभ्यासाच्या आकाराचा. स्त्रिया थोड्या होत्या आणि बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या होत्या. खरे आहे. पण 2019मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एका अॅपमधल्या सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पूर्वार्धाची सरासरी 16.9 दिवस भरली आणि तो दहापासून तीस दिवसांपर्यंत पसरलेला दिसला. सरकणारा भाग तोच, फक्त पुरावा मोठा.

‘माझी पाळी अगदी ठरल्या दिवशी येते’ हा तिसरा आक्षेप, आणि सर्वांत जास्त विश्वास याच वाक्यावर असतो. नॉर्थ कॅरोलायनात ज्या स्त्रियांनी आपली पाळी नियमित असल्याचे सांगितले होते, त्यांच्यातही पाळी अपेक्षित असलेल्या दिवशी 1 ते 6 टक्के जणी अजून गर्भधारणेच्या काळातच होत्या. त्या महिन्यात बीज उशिरा पिकले होते आणि त्याची चाहूल त्यांना नव्हती. पाळीआधीचे आठ-दहा दिवस निर्धोक, हे विधान शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. अडचण एवढीच की ते दिवस पाळीआधीचे होते हे पाळी आल्यावरच ठरते. आजारपण, प्रवास, ताण, बाळंतपणानंतरचा काळ किंवा चाळिशी यांपैकी कशानेही एखादे चक्र लांबू शकते.

त्यात प्रत्येक रक्तस्राव पाळीचाच असतो असेही नाही. काहींना बीज बाहेर पडतानाच थोडे रक्त दिसते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही बऱ्याच जणींना, साधारण चौघींत एकीपर्यंत, रक्तस्राव होतो. ते डाग पाळीचे समजले की मोजणी एका महिन्याने चुकते. अमेरिकेत आज ही चूक महागात पडते. जून 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. टेक्ससमध्ये आता जवळजवळ पूर्ण बंदी आहे, तर जॉर्जिया आणि फ्लोरिडात मर्यादा साधारण सहा आठवड्यांची आहे. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असेल तर पाळी चुकल्याचे कळते तेव्हाच चार आठवडे गेलेले असतात आणि हातात उरतात दोन. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा इथे शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या मराठी मुलींसाठी आणि नव्याने संसार मांडलेल्या जोडप्यांसाठी हा हिशेब रोजच्या आयुष्यातला आहे.

मग नैसर्गिक पद्धती निरुपयोगी आहेत का? तसे नाही. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने आखलेल्या पद्धतीत चक्र नेहमी 26 ते 32 दिवसांचे असलेल्या स्त्रियांनी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत असुरक्षित संबंध टाळायचे असतात. काटेकोर पाळूनही वर्षाकाठी शंभरात सुमारे 5 जणींना दिवस राहतात, आणि नेहमीच्या सैल वापरात सुमारे 12 जणींना. चोवीस दिवसांचे चक्र असलेल्या बाईला तर ही पद्धत लागूच होत नाही. स्राव आणि सकाळचे तापमान शिकून घेऊन रोज तपासणाऱ्या पद्धती याहून भरवशाच्या आहेत, कारण त्या तारीख न पाहता शरीराच्या खुणा पाहतात. जे अॅप केवळ पाळीच्या तारखा विचारून हिरवे-लाल दिवस दाखवते, ते जुनेच पंचांग नव्या रंगात दाखवत असते.

मूल नको असेल, तर पाळीचे दिवस धरून प्रत्येक वेळी निरोध, गोळी किंवा तांबी यांपैकी काहीतरी हवे. निरोधचा आणखी एक उपयोग असा की पाळीतही होऊ शकणाऱ्या लैंगिक संसर्गांपासून तो बचाव करतो. चूक झालीच, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी 72 तासांत, जितकी लवकर तितकी बरी. अमेरिकेत ती 2013पासून वयाची अट न ठेवता दुकानात मिळते. पाळी लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर घरीच लघवीची चाचणी करावी. आणि मूल हवे असेल, तर चौदाव्या दिवसाची वाट पाहत बसू नये. पाळी संपल्यापासून एक-दोन दिवसांआड संबंध ठेवले तर ते सहा दिवस निसटत नाहीत. आपल्या मुलींना आणि मुलग्यांनाही सुरक्षित दिवसांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा, बीज कधी बाहेर पडेल हे पाळीच्या तारखेवरून कोणालाच आधी ठरवता येत नाही, एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे. पुढचे निर्णय त्यांना शहाणपणाने घेता येतील.